डाव्या पायाची लाट डावीकडंच का?

नसांच्या तपासणीत माझ्या डाव्या घोट्याला विजेचे झटके दिले आणि त्यांची लाट मोठी आली ती डोक्याच्या डाव्या बाजूच्या वायरीवर. उजवीकडं जवळजवळ काही नाही. नीट बघितलं तर उलटाच एक बारीक फुगवटा. डावं अंग मेंदूचा उजवा भाग सांभाळतो, एवढं शाळेत शिकलो होतो. माझा धंदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची कार्डं आणि ड्राइव्ह दुरुस्त करायचा. असं काही दिसलं की पहिला संशय वायरिंगवर. झोपल्या जागेवरूनच विचारलं, "ताई, डावी-उजवी वायर उलट लागलीय काय?"

"न्हाई काका, बरोबर लावल्यात. पायाचं असंच येतं," टेक्निशियन म्हणाली. "का येतं ते सरांना विचारा. मी सांगतो त्यापेक्षा ते चांगलं सांगतील." पोरगी गडहिंग्लजकडची.

ही तपासणी माझ्या वाट्याला आली ती तळपायांमुळं. दोन्ही बधिर होत चालले होते, डावा जास्त. एकदा केएमटी बसच्या पायरीवर डावी चप्पल सुटली आणि मला पत्ताच नाही. कंडक्टरनं दाखवली तेव्हा खाली बघितलं. राजारामपुरीतल्या न्यूरॉलॉजिस्टनी अंगठ्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा नादकाटा टेकवला, तो थरथरतोय हे मला डोळ्यांनी कळत होतं, पायानं नाही. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि मी कपाटाकडं कललो. त्यांनी रक्त तपासायला दिलं, मानेचा एमआरआय सांगितला, आणि एसएसईपी नावाची ही तपासणी. एमआरआयमध्ये रचना दिसते. ही तपासणी वेळ सांगते. घोट्यापासून निघालेला निरोप कुठल्या ठेसनावर किती वाजता पोचला, आणि उशीर नेमका कुठल्या टप्प्यात झाला, ते.

डोक्याला तेल न लावता या, एवढीच पूर्वतयारी. टेक्निशियननं टेपनं डोकं मोजलं: नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्ही मापांचे मध्य जिथं मिळतात तो टाळूचा बिंदू. त्याच्या मागं दोन सेंटीमीटरवर पेन्सिलीची खूण, तिच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी दोन, कपाळावर एक. डोकं असं टक्केवारीत विभागायची पद्धत १९५८ सालापासून जगभर एकच आहे, त्यामुळं कोल्हापुरातली खूण आणि लंडनमधली खूण एकाच जागी पडते. खुणेवर खरखरीत जेल घासून कातडीचा वरचा थर काढला, पेस्ट भरून वायरींच्या टोकाच्या चकत्या चिकटवल्या आणि प्रत्येकीचा रोध बघितला. पाच किलोओमच्या खाली आल्याशिवाय ती पुढं गेली नाही. इथं मला बरं वाटलं. संपर्क खराब ठेवून वरनं सॉफ्टवेअरनं सिग्नल साफ करायचा उद्योग आमच्या धंद्यातही चालतो, आणि त्यातनं कधीच काही चांगलं निघत नाही.

आणखी एक चकती गुडघ्याच्या मागच्या खळगीत, एक कमरेच्या मणक्यावर. ही मधली ठेसनं. झटका द्यायची जागा घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागं. प्रत्येक झटका सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा. करंट हळूहळू वाढवत नेला आणि पायाचा अंगठा आपोआप खाली वाकायला लागला तिथं थांबवला. दुखत नाही, टकटक टकटक होत राहतं आणि चार-पाच मिनिटांनी वैताग येतो.

झटक्यांचा वेग स्क्रीनवर वाचला: सेकंदाला ४.७. सरळ पाच का नाही? हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. आपली लाइन ५० हर्ट्झची. पाचच्या वेगानं झटके दिले तर दोन झटक्यांच्या मध्ये लाइनचे बरोबर दहा फेरे बसतात, म्हणजे लाइनची गुणगुण प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी पडणार आणि सरासरीत खऱ्या सिग्नलसारखी साठत जाणार. ४.७ ला ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते आणि एकमेकीला खोडते. ज्यानं कुणी हा आकडा पहिल्यांदा घातला त्याला आमच्या दुकानात चहा पाजायला पाहिजे.

सरासरी काढल्याशिवाय इथं काही दिसतच नाही. मेंदूची आपली आपली चाललेली वीज टाळूवर दहा-वीस-पन्नास मायक्रोव्होल्टची. पायाच्या झटक्याचं उत्तर त्यात एखाद-दोन मायक्रोव्होल्टचं. शिवाय दात आवळले, मान ताठ केली की स्नायूंची वीज या सगळ्यावर स्वार. म्हणून ट्यूबलाइट बंद, मोबाइल बाहेर, "जबडा सैल सोडा काका, झोप लागली तरी चालंल." हजार झटक्यांची सरासरी काढली की गोंगाट जवळपास ३२ पटीनं खाली जातो, हजाराचं वर्गमूळ तेवढंच. ४.७ च्या वेगानं हजार झटक्यांना साडेतीन मिनिटं लागतात. मग तेच पुन्हा एकदा, आणि दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तरच ती लाट खरी धरायची. लंडनमध्ये जॉर्ज डॉसन या माणसानं १९४७ साली हे उत्तर माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपलं तेव्हा संगणक नव्हता. एकावर एक फोटो घेऊन त्यानं काम भागवलं, आणि पुढं चार-पाच वर्षांत सरासरी काढणारं यंत्रच बांधलं. असल्या माणसाला उद्यमनगरात मिस्त्री म्हणतात.

आलेख बघायची सवय असली तरी एक गोष्ट पटकन पचली नाही: या लोकांत ऋण वर आणि धन खाली काढायची जुनी रीत आहे. पायाच्या लाटेला पी-३७ म्हणतात. पी म्हणजे धन, ३७ म्हणजे झटक्यानंतर साधारण ३७ मिलिसेकंद. घोट्यापासून टाळूपर्यंत दीड-पावणेदोन मीटर अंतर धरलं तर मधले सगळे जोड मोजून सरासरी सेकंदाला ४० मीटरच्या आसपास वेग पडतो. उंच माणसाची लाट उशिरा येते, म्हणून आधी उंची विचारतात.

पायांनंतर मनगटांची पाळी. डाव्या मनगटाला झटके दिले आणि लाट आली डोक्याच्या उजव्या बाजूला, वीसेक मिलिसेकंदांना, शाळेत शिकवल्याप्रमाणं. म्हणजे वायरी बरोबर होत्या. हात नियमानं वागतोय, पाय नियम मोडतोय. हे डोक्यात घेऊनच मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. आजाराबद्दल विचारायच्या आधी हेच विचारलं, त्यामुळं आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

डॉक्टर खुशीत आले. म्हणाले, लादीपावातले दोन शेजारचे पाव डोळ्यांसमोर आणा, एकमेकांना चिकटलेले. ते मेंदूचे दोन अर्धे. हाताची जागा पावाच्या बाहेरच्या गोल अंगाला आहे. पायाची जागा बाहेरून दिसतच नाही. दोन पाव जिथं चिकटलेत त्या आतल्या सपाट अंगावर, वरच्या कडेजवळ. (पाव सुटे केले की जो मऊ भाग उघडा पडतो, तिथं. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस खाणाऱ्यांनी कल्पना करून घ्यावी.) मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद रुग्ण जागा असताना मेंदूच्या पृष्ठभागाला बारीक करंट लावून विचारायचे, कुठं जाणवलं? १९३७ साली त्यांनी आणि बोल्ड्रे यांनी त्यातून सगळ्या शरीराचा नकाशा मांडला. तळपाय त्या नकाशात मधल्या फटीत उतरलेला आहे.

आता वीज. मेंदूच्या सालीतल्या ज्या पेशी ही लाट तयार करतात त्या पृष्ठभागाला काटकोनात, एकमेकींना समांतर उभ्या असतात. हजारो पेशींत एकाच क्षणी करंट वाहिला की त्यांची बेरीज होते आणि बाहेरून बघणाऱ्याला बॅटरीचा एक छोटा सेल ठेवल्यासारखं दिसतं, एक टोक धन, एक ऋण. डाव्या पायाचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूनं वर चढतो, मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतो आणि उजव्या अर्ध्यात पोचतो. शाळेतलं शिक्षण इथपर्यंत बरोबर. पण उजव्या अर्ध्याची ती आतली सपाट बाजू तोंड करून असते डावीकडं! तिला काटकोनात असलेला सेलही आडवा, धन टोक डावीकडं. मग डाव्या टाळूला धन दिसणार आणि उजव्या टाळूला, जिच्या खाली हे सगळं चाललंय तिथं, काहीच नाही किंवा उलटं. १९८२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याच्यावर लेख लिहून या प्रकाराला 'विरोधाभासी बाजू' अशा अर्थाचं नाव दिलं.

"मग हात का सरळ वागतो?"

"तोही अगदी सरळ नाही," ते म्हणाले. हाताची पहिली लाट एका भेगेच्या भिंतीत तयार होते, त्यामुळं तिचा सेलही आडवाच, पण पुढं-मागं; मागं ऋण, कपाळाकडं धन. बाजू बदलत नाही म्हणून आपल्याला खटकत नाही, एवढंच. पायाचा सेल किती आडवा आणि किती वर तोंड करून, हे मात्र प्रत्येकाच्या मेंदूच्या घडणीवर. पायाची जागा वरच्या कडेला आली असेल त्याची लाट टाळूच्या मध्यावर मोठी, फटीत खोल असेल त्याची एका बाजूला. म्हणूनच टाळूवर एक वायर लावून भागत नाही. मध्यावर लाट सापडली नाही आणि बाजूला बघितलंच नाही, तर चांगल्या माणसाची तपासणी बिघडलेली ठरायची.

हे सगळं पटलं. पण मला पटणं आणि मीटरवर दिसणं यांत फरक वाटतो.

दुकानात एक गोल प्लास्टिकचा टब होता. त्यात मिठाचं पाणी. मोटार वाइंडिंगच्या तारेचे दोन तुकडे घेतले, टोकांचं एनॅमल खरवडलं, टोकांत सेंटीमीटरभर अंतर ठेवून ती प्लास्टिकच्या पट्टीला बांधली. हा झाला सेल. त्याला डीसी दिला तर तारेवर बुडबुडे जमून रीडिंग भरकटतं, म्हणून ५५५ या टायमर आयसीवर छोटे पल्स म्हणजे झटके बनवले आणि ते कपॅसिटरमधून दिले. तेही बॅटरीवर; पल्सचं सर्किट आणि स्कोप (पल्सचा आलेख दाखवणारं यंत्र) दोन्ही लाइनवर घेतले तर दोघांचं अर्थिंग एक होऊन करंट भलत्याच वाटेनं जातो. टबाच्या काठावर सोळा ठिकाणी मार्करनं खुणा केल्या. आमचा पोऱ्या म्हणाला, "दादा, मासं सोडायलायसा काय?"

सेल काठाकडं तोंड करून ठेवला, की सगळ्यात मोठा पल्स त्याच्या समोरच्या खुणेवर. कुणीही हेच सांगितलं असतं. मग काठाला समांतर फिरवला. समोरच्या खुणेवर स्कोप सपाट! डावीकडच्या खुणांवर पल्स वर, उजवीकडच्या खुणांवर खाली. टबाच्या मध्यरेषेच्या थोडा उजवीकडं सरकवून धन टोक डावीकडं केलं तर वरच्या काठावर माझ्या डोक्यावरचंच चित्र आलं. जिथं रीडिंग सगळ्यात मोठं, तिथं खाली नुसतं पाणी होतं.

दुसरा सेल बनवून समोरासमोर उलट्या तोंडानं ठेवला. दोन्ही पायांना एकाच वेळी झटके दिले तर काय होईल, त्याची ही नक्कल. दोन्ही बाजूंची रीडिंगं जवळजवळ मेली. तपासणी चालू असताना मी त्या पोरीला म्हणालो होतो, दोन्ही पाय एकदम घ्या की, वेळ वाचंल. ती नुसती हसली होती. डॉक्टरांनी नंतर आणखी एक कारण सांगितलं: एका पायाची लाट चांगली आणि दुसऱ्याची खराब असेल, तर एकदम घेतल्यावर चांगली खराबाला झाकून टाकते.

मग खरा खेळ सुरू झाला. पोऱ्यानं सेल कुठंही लपवायचा, वरून पुठ्ठा झाकायचा, आणि मी नुसत्या काठावरच्या रीडिंगवरून जागा ओळखायची. तीन-चार खुणांवरच मोजलं तर पाण्यातल्या कितीतरी जागा त्या रीडिंगला बसत होत्या; खोलवर मोठा पल्स आणि वर छोटा पल्स ओळखू येईनात. सोळाही खुणा घेतल्यावर अंदाज बोटभर अंतरापर्यंत यायला लागला. मला जमायला लागलंय हे बघून पोऱ्यानं न सांगता दोन सेल ठेवले. मी बराच वेळ आकडेमोड करून ठामपणे एक जागा दाखवली. पुठ्ठा उचलला तर माझं बोट बरोबर दोघांच्या मधोमध, मोकळ्या पाण्यावर. "दादा, हितं कायच न्हाई की!"

यात माझा कमीपणा नाही, असं आता म्हणता येतं. जर्मनीत हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं १८५३ सालीच सिद्ध केलंय की वाहक पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या विजेवरून आतला उगम एकमेव असा काढताच येत नाही. वेगवेगळे उगम बाहेर सारखंच चित्र देऊ शकतात. त्यामुळं मेंदूतली जागा शोधणारी सॉफ्टवेअरं आधी काहीतरी गृहीत धरतात: उगम एकच आहे, तो सालीतच आहे, सालीला काटकोनात आहे. गृहीत बरोबर तर उत्तर मिलिमीटरच्या घरात, गृहीत चुकीचं तर माझ्यासारखं मोकळ्या पाण्यावर बोट. पायाच्या बाबतीत पी-३७ च्या सुरवातीला उगम बऱ्यापैकी एकटा असतो म्हणून जमतं. नंतरच्या लाटांत मेंदूचे इतर भाग सामील होतात आणि अवघड होत जातं. संशोधनात साठ-शंभर वायरींच्या टोप्या घालतात, माणसाच्या स्वतःच्या एमआरआयवर हिशेब बसवतात. काही ठिकाणी विजेऐवजी तिचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. तसल्या बहुतेक यंत्रांतले सेन्सर उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हीलियममध्ये बुडवलेले असतात. आडव्या उगमाचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेर चांगलं मिळतं, आणि पायाचा उगम तर आडवाच. माझ्या आजारासाठी यातलं काहीच लागत नव्हतं. मला वेळ कळली की पुरे होतं, जागा ही माझी हौस.

वेळेचा निकाल असा आला. गुडघ्यामागचं ठेसन वेळेवर, कमरेचं २२ मिलिसेकंदांना, तेही वेळेवर. कमरेपासून मेंदूपर्यंत सोळाएक मिलिसेकंद लागायला हवेत, मला दोन्ही पायांना २६ च्या आसपास. हात ठीक. म्हणजे पायातली नस चांगली, उशीर मज्जारज्जूतून वर चढताना. एमआरआयमध्ये कुठं दाब नव्हता. रक्तात बी-१२ फारच कमी. मी माळकरी, मटण-मासे सोडून वर्षं झाली, दूध पचत नाही म्हणून कोरा चहा, आणि ॲसिडिटीची गोळी रोजची. शाकाहारात बी-१२ मिळतं ते दुधा-दह्यातूनच, आणि पोटातलं आम्ल कमी केलं की अन्नातलं बी-१२ सुटं व्हायलाही अडचण येते, हे मला कुणी बोललं नव्हतं. मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या तंतूंवरचं आवरण बी-१२ अभावी खराब होतं आणि निरोप रेंगाळतो. इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला.

काही महिन्यांनी तीच तपासणी, तीच पोरगी. लाट सहा मिलिसेकंदांनी अलीकडं सरकली होती. पायरी आता न बघता उतरता येते, अंगठ्याची टोकं अजून बधिर आहेत. ती कदाचित तशीच राहतील असं डॉक्टर म्हणतात. डाव्या पायाची लाट अजून डावीकडंच मोठी, तिला काय औषध लागत नाही.

टबाचा व्हिडिओ मी तिला दाखवला. तिनं तो शिकाऊ मुलांना दाखवायला मागून घेतला आणि एक खोट काढली: "काका, ह्यात कवटी कुठाय?" बरोबर आहे. हाड वीज फार वाईट वाहून नेतं, त्यामुळं आतलं चित्र टाळूपर्यंत येता येता पसरट होतं, आणि जागा ओळखणं आणखी अवघड. आता टबात बसेल असं प्लास्टरचं कडं ओतलंय. पहिलं कडं मिठाचं पाणी पिऊन थोड्या वेळानं पाण्याइतकंच वाहायला लागलं. दुसऱ्यावर वॉर्निशचा हात देऊन मोजून बारीक भोकं पाडायचा विचार आहे. किती भोकं पाडली की हाडाएवढा रोध येतो, ते मीटर लावून बघावं लागेल.